बाबांच्या सीपॅपसाठी तयार पॉवर स्टेशन घ्यावं की सेल आणून घरीच पेटी बांधावी?

रात्रीचा_दिवा (प्रश्न)

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं एकदम सांगितलेलं बरं.

बाबांना झोपेत श्वास मधेच थांबण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया आहे. गेली चार वर्षं ते रात्री सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावूनच झोपतात. वीज गेली की मशीन बंद पडतं, मास्कमधली हवा थांबते आणि ते दचकून उठून बसतात. गेल्या आठवड्यात रात्री पावणेदोनला गेलेली वीज सकाळी सहाला आली. तेवढा सगळा वेळ बाबा खुर्चीत बसून होते. आडवं व्हायची त्यांना भीती वाटत होती. मी शेजारी बसून होते आणि त्याच रात्री ठरवलं की याची सोय करायचीच.

दोन वाटा दिसतायत. पहिली म्हणजे तयार पॉवर स्टेशन (बॅटरी आणि इन्व्हर्टर आत असलेली, उचलून नेता येणारी पेटी), साधारण १००० वॅट-अवरचं. दुसरी वाट माझ्या धाकट्या भावाची. तो म्हणतो, लिथियम आयर्न फॉस्फेटचे १०० अँपिअर-अवरचे चार सेल, एक बीएमएस (सेलांवर लक्ष ठेवून गरज पडली तर पेटी तोडणारा बोर्ड), १००० वॅटचा इन्व्हर्टर आणि एक चार्जर आणू, आठवड्यात पेटी उभी करू. तेवढ्याच खर्चात क्षमता जास्त मिळेल आणि काही बिघडलं तर आपलं आपल्याला दुरुस्त करता येईल, असं त्याचं म्हणणं.

मी शिलाई मशिनच्या मोटरी दुरुस्त करते. सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर रोज हातात असतो. पण माझं सगळं काम दोन अँपिअरच्या आतलं. भाऊ ऐंशी-नव्वद अँपिअरच्या गोष्टी करतो तेव्हा पोटात गोळा येतो.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. वीज गेली की लिफ्टही बंद, त्यामुळे वजनाचा विचार करावा लागतो. वर्षातून दोन-तीनदा बाबा ताईकडे राहायला जातात, तेव्हा ही वस्तू सोबत गेली पाहिजे. चालवायचं काय, तर सीपॅप, वायफायचा राउटर, एक एलईडी दिवा आणि फोन. लॅपटॉप कधीमधी. सौर पॅनलचा विचार पुढे कधीतरी.

ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा.

---

तांब्याची_तार

ताई, तयार की घरची हे दोन दिवस बाजूला ठेवा. आधी प्लगमध्ये बसणारा एनर्जी मीटर आणा, सीपॅप त्यातून चालवा आणि सकाळी किती वॅट-अवर गेले ते लिहून ठेवा. एक रात्र ह्युमिडिफायर (हवा ओली करणारी पाण्याची टाकी) नेहमीसारखा, एक रात्र कमी करून, आणि डॉक्टर हो म्हणाले तर एक रात्र बंद ठेवून. अ‍ॅडॉप्टरवर ९० वॅट छापलेलं असलं तरी तो जास्तीत जास्तचा आकडा. हवा ढकलणारी मोटर फारसं खात नाही, वीज जाते ती पाणी तापवणाऱ्या प्लेटला आणि गरम नळीला. ह्युमिडिफायर चालू असताना आणि बंद असताना पाचपटीचाही फरक पडू शकतो. हा आकडा हातात नसताना १००० वॅट-अवर पुरतील की कमी पडतील हे कुणीच सांगू शकणार नाही.

आता माझं. मी २२ वर्षं कंट्रोल पॅनल बांधतोय. स्वतःच्या हाताने दोन पेट्या बांधल्या आणि एक तयार पॉवर स्टेशन विकत घेतलं. तिन्ही आजही चालू आहेत. पण विकत का घ्यावं लागलं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

पहिली पेटी तुमचा भाऊ म्हणतो तशीच होती. १०० अँपिअर-अवरचे चार सेल एकापुढे एक जोडलेले. ३.२ व्होल्टचे चार म्हणजे १२.८ व्होल्ट, गुणिले १०० म्हणजे १२८० वॅट-अवर. पॅनल बांधणारा माणूस असल्यामुळे वायरिंग देखणं केलं होतं, प्रत्येक तारेला फेरूल, प्रत्येक टोकाला नंबर. वर व्होल्टमीटर बसवला. दीड वर्ष पेटीने एकदाही दगा दिला नाही.

मग एकदा मी कामासाठी ३०० किलोमीटर लांब होतो आणि घरची वीज गेली. आईचं नेब्युलायझर, पंखा, दिवा सगळं पेटीवर. संध्याकाळी मीटर १३.१ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे निम्म्याच्या वर माल शिल्लक असं मी फोनवर सांगितलं. रात्री अडीचला बायकोचा फोन आला. सगळं एकदम बंद पडलंय, मीटरही काळा. तिच्या फोनमध्ये ९ टक्के चार्ज उरला होता.

काय झालं होतं ते घरी आल्यावर कळलं. चारपैकी एक सेल बाकीच्यांपेक्षा मागे पडला होता. या रसायनाचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं. २० टक्क्यांवर आणि ८० टक्क्यांवर सेल साधारण ३.२ ते ३.३ व्होल्टच दाखवतो आणि तळाशी गेल्यावर एकदम कोसळतो. म्हणून नुसता व्होल्टमीटर बघून किती उरलंय ते कळत नाही. त्यासाठी शंट लावून आत-बाहेर होणारा करंट मोजत राहावं लागतं. मी चार्जर १३.८ व्होल्टवर लावून ठेवला होता, का तर सेल जास्त टिकतील. पण बहुतेक बीएमएस सेल ३.४ व्होल्टच्या वर गेल्यावरच बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल एका पातळीला आणणं, सुरू करतात. १३.८ ला चार सेलांची सरासरी येते ३.४५, त्या रेषेच्या जेमतेम वर. पुढे असलेला सेल वर जायचा, मागे असलेला कधी भरायचाच नाही. दीड वर्षात तो थोडाथोडा करत इतका मागे पडला की त्या रात्री २.५ व्होल्टला पोचला, आणि बीएमएसने त्याला वाचवायला सगळी पेटी तोडली. बीएमएसचं काम त्याने चोख केलं. पण तो पुन्हा जागा व्हायला चार्जर लागायचा आणि चार्जरला वीज.

बायको म्हणाली, झाकण उघडू का, काय करू सांगा. झाकणाला आठ स्क्रू. आत उघडे बसबार (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि तिच्या हातात उघड्या दांड्याचा स्क्रूड्रायव्हर. मी म्हणालो, अजिबात हात लावू नकोस. आईला बसवून ठेवून दोघींनी सकाळ केली.

त्या रात्रीपासून कुणी विचारलं की मी पैशाचं, क्षमतेचं नंतर बोलतो. आधी विचारतो, ज्या रात्री ही पेटी बंद पडेल त्या रात्री तिच्या शेजारी कोण असणार आहे? बांधणारा माणूस शेजारी असेल तर घरची पेटी उत्तम. नसेल, तर तुम्ही घरच्यांच्या गळ्यात एक अशी वस्तू बांधताय जी फक्त तुमच्याच भाषेत बोलते.

आता ऐंशी-नव्वद अँपिअरबद्दल. तुमच्या पोटात गोळा येतो तो योग्यच आहे. १००० वॅटचा इन्व्हर्टर १२.८ व्होल्टवर पूर्ण ताकदीने चालवला तर ९० टक्के कार्यक्षमता धरून ८७ अँपिअर ओढतो. एखादा लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायचं तांब्याचं टोक) नीट दाबला गेला नाही आणि तिथे नुसता ५ मिलीओमचा अडथळा राहिला, तर ८० अँपिअरला त्या एका सांध्यात ३२ वॅट उष्णता तयार होते. ३२ वॅट म्हणजे सोल्डरिंग आयर्न. पेटीच्या आत, बंद झाकणाखाली, प्लॅस्टिकला टेकलेलं सोल्डरिंग आयर्न. पक्कडीने चेपलेला लग बाहेरून छान दिसतो. मी शिकाऊ मुलांना असा लग करवतीने आडवा कापून दाखवतो. आत तारांच्या मधे काळ्या फटी दिसतात. हायड्रॉलिक क्रिंपरने (लग दाबायच्या हत्याराने) योग्य डायमध्ये (साच्यात) दाबलेला कापला तर आत तांब्याचा एकसंध गोळा दिसतो, तारा वेगळ्या ओळखूच येत नाहीत. एकदा दोन्ही काप शेजारी ठेवून बघितले की परत कुणी पक्कड उचलत नाही.

दुसरं म्हणजे फ्यूज. मोठ्या सेलचा अंतर्गत अडथळा पाव मिलीओमच्या आसपास असू शकतो. चारांचा मिळून एक. १२.८ व्होल्टला एक मिलीओमने भागा, कागदावर १२,८०० अँपिअर येतात. तारा-सांधे धरून प्रत्यक्षात कमी येईल, पण तरी हजारोंतच. एवढा करंट तोडायची ताकद साध्या फ्यूजमध्ये नसते, तो वितळूनही मधे ठिणगीचा पूल तसाच जळत राहतो. यासाठी टी-क्लास फ्यूज वापरतात, तो २०,००० अँपिअरपर्यंत तोडू शकतो. आणि तो बॅटरीच्या धन टोकापासून जितका जवळ बसेल तितका बसवायचा. घरात वापरतो तो एसीचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) इथे लावू नका. ५० हर्ट्झच्या एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझायला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही.

बांधायचंच ठरलं तर सेल जोडण्याआधी सगळे समांतर लावून ३.६५ व्होल्टपर्यंत भरून घ्या, यालाच टॉप बॅलन्स म्हणतात. पान्ह्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि हातातली अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवा. १२ व्होल्ट शॉक देत नाहीत, पण अंगठी दोन बसबारच्या मधे आली तर बोट जाईल.

आता तयार पेटीचं. तिथे हे सगळं कुणीतरी करून, तपासून, सीलबंद करून दिलेलं असतं. यूएल २७४३ हे प्रमाणन अशाच पोर्टेबल पॉवर पॅकसाठी आहे, घेताना ते आहे का बघा. रसायन लिथियम आयर्न फॉस्फेटच हवं. जुन्या मॉडेलमध्ये एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असायचं, ते हलकं पडतं पण साधारण ५०० ते १००० चार्ज-डिस्चार्जमध्ये उतरणीला लागतं. फॉस्फेट दोन-तीन हजारांच्या पुढे जातं आणि तापलं तरी एनएमसीइतकं सहज भडकत नाही. (या रसायनाचा शोधनिबंध १९९७ चा, टेक्सास विद्यापीठातला. पहिलं नाव अक्षय पाढी, त्यांच्याबरोबर नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ. गुडइनफना २०१९ मध्ये ९७ व्या वर्षी नोबेल मिळालं. हातात सेल घेतला की मला ही माणसं आठवतात.)

तयार पेटीत मला खटकतं ते एवढंच, की इन्व्हर्टरचा बोर्ड गेला तर चांगले सेल असूनही अख्खी पेटी निकामी. हमी संपल्यावर सुटे भाग सहसा मिळत नाहीत. माझ्या घरच्या पेटीत इन्व्हर्टर गेला तर चार बोल्ट काढून दुसरा लावतो. हा फायदा खरा आहे आणि तुमचा भाऊ त्याबाबतीत चुकत नाही.

पण बाबांच्या उशाशी तयार पेटी ठेवा.

---

चौथा_मजला

वर तार दादांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त तयार पेटी रोज वापरणारी म्हणून तीन गोष्टी सांगते.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे इको मोड. बहुतेक पेट्यांमध्ये असतो आणि बऱ्याचदा आल्यापासून चालूच असतो. लोड अगदी कमी दिसला की पेटीला वाटतं कुणी वापरत नाही, आणि काही वेळाने ती आउटपुट बंद करते. माझा राउटर पहिल्याच रात्री असा बंद पडला. राउटरचं ठीक आहे, पण ह्युमिडिफायर बंद ठेवलेला सीपॅपही तितकाच कमी खातो. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करणं.

दुसरी, पंखा. चार्ज होताना आणि इन्व्हर्टरवर लोड असताना आतला पंखा घरघर करतो. झोपायच्या खोलीत हा आवाज त्रास देतो. चार्जिंगचा वेग कमी करायची सोय असलेली पेटी बघा, हळू चार्ज केली की माझी जवळजवळ गप्प असते.

तिसरी, छापलेले वॅट-अवर सगळे हातात येत नाहीत. एसी प्लगमधून वापरलं तर ८५ टक्के धरा. लोड खूप लहान असेल तर त्याहूनही कमी, कारण इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच १० वॅटच्या आसपास खातो. रात्रभरात ८० वॅट-अवर तिथेच गेले.

वजनाचं म्हणाल तर १००० वॅट-अवरची फॉस्फेटची पेटी १२ किलोच्या आसपास भरते. दोन जिने चढून मधे एकदा खाली ठेवावी लागते. हँडल पेटीच्या मधोमध असलेलं घ्या, एका कडेला असलं की चढताना गुडघ्यावर आपटतं.

---

भंगारातून_सोनं

एवढा खर्च कशाला? जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडल्या की १८६५० नावाचे गोल, बोटाएवढे सेल निघतात, बरेचसे चांगले असतात. मी त्यातून टॉर्च, स्पीकर, पंखा सगळं चालवलंय. क्षमता मोजून चांगले तेवढे निवडायचे आणि पॅक करायचा. ताईंना सोल्डरिंग येतंच आहे.

---

तांब्याची_तार

भाऊ, टॉर्चसाठी ठीक. झोपायच्या खोलीसाठी नाही, आणि हे मी मनापासून सांगतोय.

वापरलेल्या १८६५० मध्ये २ अँपिअर-अवर शिल्लक असतील असं धरू. ३.६ व्होल्टने गुणलं तर ७.२ वॅट-अवर. १००० साठी असे १४० सेल लागतात. म्हणजे १४० अनोळखी सेल. कुठला कधी तापला होता, कुठला महिनोन्‌महिने शून्याला पडून होता, कुठे आत डेंट आहे, काहीच माहीत नाही. क्षमता मोजून हे कळत नाही. भरून ठेवलेला सेल दोन-तीन आठवड्यांत आपोआप उतरतो का हे बघितलं तर थोडंफार कळतं, पण तेही पूर्ण नाही. त्यात लॅपटॉपच्या सेलचं रसायन फॉस्फेटचं नसतं. एक पेटला की शेजारच्याला पेटवतो. आणि सेलवर थेट सोल्डरिंग करू नये, उष्णता आत जाऊन सेल खराब होतो. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डरनेच लावायची.

ताईंचे बाबा मास्क लावून झोपलेले असणार. त्यांच्या पलंगाखाली ही जोखीम नको.

---

दुर्बीण_आणि_तंबू

मी रात्रभर आकाशाचे फोटो काढतो, त्यामुळे दुर्बिणीचं माउंट, कॅमेरा आणि काचेवर दव जमू नये म्हणून लावायचे हीटर हे सगळं बॅटरीवर चालवायची सवय आहे. त्यावरून एक गोष्ट सुचवतो, ती अजून कुणी बोललं नाही.

इन्व्हर्टर मधून काढून टाका. सीपॅप आतून डीसीवरच चालतो. भिंतीतला एसी अ‍ॅडॉप्टरमध्ये जाऊन २४ किंवा १२ व्होल्ट डीसी होतो. पॉवर स्टेशनमधून एसी घ्यायचा म्हणजे बॅटरीच्या डीसीचा एसी करायचा आणि लगेच त्याचा परत डीसी. दोन्ही वेळा गळती. त्याऐवजी मशीनच्या कंपनीचा डीसी कन्व्हर्टर मिळतो, तो पेटीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावा. तुमच्या मॉडेलचाच घ्या, कारण पिन सारखी दिसली तरी व्होल्टेज वेगळं असू शकतं. मी दव-हीटर एसीवरून डीसीवर आणले तेव्हा तीच बॅटरी मध्यरात्रीऐवजी पहाटेपर्यंत पुरायला लागली.

अजून एक, बाबा ताईकडे जातात म्हणालात. विमानाने जात असाल तर ही पेटी सोबत नेता येणार नाही. हातातल्या सामानात १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर प्रवाशाला नाहीच. रेल्वे किंवा गाडी असेल तर प्रश्न नाही. गाडीत उन्हात बंद करून मात्र ठेवू नका.

---

रात्रीचा_दिवा

सगळ्यांचे आभार. तार दादा, तुमच्या बायकोच्या फोनचं वाचलं आणि भावाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, मी तर महिन्यातले पंधरा दिवस बाहेर असतो.

मीटर आणला. आकडे असे: ह्युमिडिफायर आणि गरम नळी नेहमीसारखी, आठ तासांत ४१० वॅट-अवर. नळी बंद आणि ह्युमिडिफायर सगळ्यात कमी, २६५. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले एखाद-दोन रात्री पूर्ण बंद ठेवला तरी चालेल, फक्त घसा कोरडा पडेल. तसं केलं तर ९० वॅट-अवर. मला वाटलं मीटरच चुकला, म्हणून दुसऱ्या रात्री परत मोजलं. ९२ आले.

बाबांचं मत मात्र वेगळं. पाणी बंद असेल तर त्यांना झोप लागत नाही. म्हणजे २६५ धरून चालायचं.

भावाचा उत्साह मला मोडायचा नाहीये. राउटर आणि दिवा या दोन्ही गोष्टी १२ व्होल्टवर चालतात. इन्व्हर्टरशिवायची, लहान करंटची पेटी त्याने आणि मी मिळून बांधली तर? तिथे काही बंद पडलं तर फक्त अंधार होईल, बाबांचा श्वास त्यावर अवलंबून नसेल.

---

तांब्याची_तार

बांधा. शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. राउटरच्या लेबलवर १२ व्होल्ट लिहिलंय ना ते बघून घ्या, आणि मधे १२ व्होल्टचा रेग्युलेटर टाका, कारण भरलेली बॅटरी १४ च्या पुढे जाते आणि काही राउटरना ते सोसत नाही. मोटरींच्या कामामुळे तुमचा हात स्थिर आहे. फ्यूज मात्र इथेही बॅटरीच्या टोकाशीच. करंट लहान वापरणार असलात तरी सेल तेवढेच ताकदवान आहेत, तार शॉर्ट झाली तर त्यांना कुठे कळतंय की पलीकडे फक्त राउटर आहे.

तयार पेटीचं गणित: २६५ मध्ये कन्व्हर्टरची गळती आणि पेटीचा स्वतःचा खर्च धरून ३२०-३३० जातील. १०२४ वॅट-अवरची घेतलीत तर दोन रात्री आरामात, तिसरी ह्युमिडिफायर बंद करून. ५१२ ची एका रात्रीला पुरेल, पण लागोपाठ दोन रात्री वीज गेली तर कमी पडेल. मी १०२४ घेईन. तिला कायम १०० टक्क्यांवर प्लगला लावून ठेवू नका. ८०-९० वर थांबायची सोय अ‍ॅपमध्ये असेल तर ती लावा.

पुस्तिकाही वाचा. बऱ्याच कंपन्या लिहितात की जीवरक्षक उपकरणांसाठी वापरू नये. सीपॅप त्या अर्थाने जीवरक्षक नाही, तरी डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा.

आणि वीज जायची वाट बघू नका. एखाद्या रात्री मुद्दाम सगळं पेटीवर चालवून बघा. त्या रात्री बटणाला तुम्ही किंवा भावाने हात लावायचा नाही, बाबांनी लावायचा. चश्मा न लावता, अंधारात. कुठलं बटण ते हाताला कळायला हवं. माझ्या आईच्या पेटीवर मी डीसीच्या बटणाशेजारी सुती दोऱ्याचा एक तुकडा चिकटवलाय.

---

रात्रीचा_दिवा

तीन आठवड्यांनी लिहितेय. १०२४ ची तयार पेटी आली. इको मोड पहिल्या दिवशीच बंद केला. मशीनच्या कंपनीचा डीसी कन्व्हर्टर वेगळा मागवला, तो यायला दहा दिवस लागले.

दोरा मीही चिकटवला, पण बाबांना तो बोटाला नीट लागेना. मग माझ्याकडचं शर्टाचं एक जुनं चार भोकांचं बटण गोंदाने लावलं. ते लगेच सापडतं.

काल रात्री चाचणी घेतली. दहा वाजता दिवे घालवले, सीपॅपचा प्लग भिंतीतून काढला आणि मी दाराशी उभी राहिले. बाबांनी पलंगावरून हात खाली घातला, बटण चाचपलं, शेजारचं दाबलं. पेटीचा छोटा पडदा उजळला. मास्क लावला, आडवे झाले. मला म्हणाले, जा, झोप आता.

सकाळी सहाला पेटीवर ६८ टक्के होते. ते अजून झोपलेले होते.

भावाच्या पेटीचे सेल समांतर लावून ठेवलेत, टॉप बॅलन्स चालू आहे. आज ३.४१ वर आहेत. क्रिंपर तार दादा म्हणाले तोच भाड्याने आणला, आणि पहिला लग आम्ही कापून बघितला. फटी होत्या. डाय एक नंबर मोठा लागला होता. बदलून परत दाबला, परत कापला. आता भरीव आहे.